एच७ वर उंट कोसळला की राजानं कुठं जायचं?

हा लेख पट समोर मांडून वाचायचा आहे. राजाच्या बाजूवर हल्ला आल्यावर बचाव कसा निवडायचा, हे तत्त्वांच्या यादीतून समजत नाही. त्याच चालीनं एका स्थितीत डाव वाचतो आणि एक मोहरा एका घरानं सरकला की त्याच चालीनं मात होते. म्हणून एकच जुनं, नेहमी येणारं बलिदान घेऊ आणि त्याला बारीक बारीक धक्के देऊन पाहू.

चाली लिहिताना रा, व, ह, उं, घो ही अक्षरं राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा यांच्यासाठी वापरली आहेत. ए ते एच या पटाच्या उभ्या पट्ट्या, १ ते ८ या आडव्या ओळी. नुसतं घराचं नाव असेल तर ती प्याद्याची चाल. आकड्यानंतर … असेल तर ती काळ्याची चाल. घोबी म्हणजे बी पट्टीवरचा घोडा. कॅसलिंग म्हणजे राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल, राजा कोपऱ्याकडे नेणारी. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, # म्हणजे मात.

१. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. घो-सी३ घो-एफ६ ४. ई५ घो-डी७ ५. घो-एफ३ सी५ ६. उं-डी३ घो-सी६ ७. कॅसलिंग उं-बी४ ८. ह-ई१ कॅसलिंग. ही फ्रेंच बचाव या सुरुवातीतली स्थिती. काळ्यानं सगळं पुस्तकी शहाणपणाचं केलंय: घोडे बाहेर, उंट बाहेर, राजा कोपऱ्यात. पटावर बत्तीसच्या बत्तीस मोहरे आहेत. आणि पांढरा खेळतो ९. उं×एच७+.

याला ‘ग्रीक गिफ्ट’ म्हणतात. इटलीच्या जोआकिनो ग्रेकोच्या सतराव्या शतकातल्या हस्तलिखितांत ही कल्पना सापडते, म्हणजे चारशे वर्षं लोक या जागी अडकत आलेत. बलिदान का चालतं, ते आधी पाहू, कारण बचाव त्यातूनच निघतो. एफ६ वरचा घोडा एच७ राखत होता. ई५ च्या प्याद्यानं त्याला हुसकावलं. तेच प्यादं आता एफ६ आणि डी६ ही दोन्ही घरं दाबून बसलंय. काळ्याचं ई६ चं प्यादं स्वतःच्याच सी८ वरच्या उंटाचा रस्ता अडवतं, त्यामुळे तो एफ५ ला येऊन एच७ राखू शकत नाही. काळा उंट बी४ वर आहे, जी५ वर त्याची नजर नाही. आणि सी१ पासून एच६ पर्यंतचा तिरका रस्ता पांढऱ्या उंटासाठी मोकळा आहे. या पाच गोष्टींपैकी एखादी बदलली की गणित बदलतं.

९…रा×एच७ १०. घो-जी५+. आता काळ्यासमोर विचारात घेण्याजोग्या चार वाटा आहेत.

पहिली वाट, वजिरानं घोडा मारायचा. डी८ वरून जी५ दिसतं, त्यामुळे १०…व×जी५ ही कायदेशीर चाल आहे. पण ११. उं×जी५ नंतर हिशोब असा होतो: काळ्याला उंट आणि घोडा मिळाला, गेला वजीर आणि एक प्यादं. मात टळली, डाव मात्र फार कठीण झाला. हा पर्याय लक्षात ठेवायचा तो शेवटचा म्हणून, पण विसरायचा नाही. कधीकधी बाकीचं सगळं मात होण्याकडे जात असतं.

दुसरी वाट, १०…रा-जी८. बहुतेक जण हीच निवडतात, कारण राजा ‘घरी’ परततो. ११. व-एच५ नंतर एच७ वर मातेची धमकी येते. आता एफ८ मोकळं करून पळायचं म्हणून ११…ह-ई८. इथं पांढऱ्यानं घाईत १२. व-एच७+ रा-एफ८ १३. व-एच८+ रा-ई७ १४. व×जी७ असं खेळलं तर मात होत नाही, कारण एफ७ चं प्यादं वजिराच्या आणि राजाच्या मध्ये उभं आहे. म्हणून आधी ते उचलायचं: १२. व×एफ७+ रा-एच८ १३. व-एच५+ रा-जी८ १४. व-एच७+ रा-एफ८ १५. व-एच८+ रा-ई७ १६. व×जी७#. शेवटच्या स्थितीत राजाभोवती पाहा. डी८ वर स्वतःचा वजीर, ई८ वर स्वतःचा हत्ती, डी७ वर स्वतःचा घोडा, ई६ वर स्वतःचं प्यादं. डी६ आणि एफ६ ई५ च्या प्याद्यानं बंद केलेली. राजाला त्याच्याच माणसांनी कोंडलं. बचाव करताना पळायचा रस्ता मोजताना आपले मोहरे मोजायला विसरू नका. पळवाट बहुधा तेच बंद करतात.

११…घो-एफ६ नं एच७ राखता येतं असं वाटतं. पण १२. ई×एफ६ नंतर १२…व×एफ६ ला लगेच १३. व-एच७# आहे. १२…ह-ई८ केलं तर १३. व-एच७+ रा-एफ८ १४. व-एच८#, कारण एफ६ वर आलेलं प्यादं आता ई७ चं घर दाबतंय.

तिसरी वाट, १०…रा-एच६. इथं बोलायला फारसं काही नाही. ११. घो×ई६+ मध्ये घोडा बाजूला होताच सी१ च्या उंटाचा शह बसतो आणि घोड्याचा नेम डी८ च्या वजिरावर असतो. एफ७ च्या प्याद्यानं घोडा मारूनही उपयोग नाही, कारण शह उंटाचा आहे. वजीर गेला.

चौथी वाट, १०…रा-जी६. दिसायला सगळ्यात वेडी, पण अनेक स्थितींत हीच खरी. राजा पुढे येतो तेव्हा घोड्यावर स्वतः नजर ठेवतो, आणि एच७ वरच्या मातेचा प्रश्न तूर्त उरत नाही. पांढऱ्याकडे तीन सवयीच्या चाली असतात: व-जी४, एच४ आणि व-डी३+. व-जी४ ला जवळजवळ नेहमीचं उत्तर एफ५. ११. व-जी४ एफ५ १२. व-जी३ नंतर धमकी कोणती? घो×ई६+, पुन्हा घोडा हलून मागच्या वजिराचा शह, आणि डी८ चा वजीर व एफ८ चा हत्ती दोन्ही माऱ्यात. म्हणजे काळ्याची पुढची चाल याच धमकीला उत्तर देणारी हवी. नुसती ‘विकासाची’, म्हणजे मोहरा बाहेर काढण्याची, चाल इथं मरण आहे. आणि एफ५ खेळण्याआधी ई५ च्या प्याद्यानं एन पासां (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्यानं तिरकं जाऊन मारणं) मारलं तर काय, हे दर वेळी तपासायचं. त्यानं एफची पट्टी उघडते, कधी काळ्याच्या हत्तीसाठी, कधी त्याच्या राजावर.

बलिदान नाकारून ९…रा-एच८ खेळलं तर? एक प्यादं गेलं, राजासमोरची भिंत फुटली, हल्ला तसाच उभा, आणि मोबदला शून्य. नाकारायचं असेल तर त्यामागे नेमकी चाल हवी. भीतीपोटी नाकारणं ही या स्थितीतली सगळ्यात महाग चाल ठरते.

आता खरा अभ्यास. याच स्थितीत एकेक गोष्ट बदलू.

काळा उंट बी४ ऐवजी ई७ वर ठेवा. आता १०. घो-जी५+ ला १०…उं×जी५. ११. उं×जी५ ला सरळ ११…व×जी५. म्हणून पांढऱ्याला आधी ११. व-एच५+ रा-जी८ असं करून १२. उं×जी५ खेळावं लागतं. काळा १२…एफ६ नं श्वास घेतो: १३. ई×एफ६ घो×एफ६, घोडा वजिरावर. १४. उं×एफ६ व×एफ६. मोजा. पांढऱ्याकडे एक मोहरा कमी, एक प्यादं जास्त, हल्ला करायला उरले वजीर, हत्ती आणि दूर सी३ वरचा घोडा. बलिदान फसलं. मात्र हीच स्थिती पांढऱ्याचं प्यादं एच४ वर आणि हत्ती एच१ वर असताना आली, तर उं×जी५ ला एच×जी५+ नं एचची अख्खी पट्टी उघडते, आणि ई७ चा तोच उंट काळ्याला वाचवत नाही. पांढऱ्यानं कॅसलिंग न करता एच४ ढकललं की त्याच्या मनात काय आहे ते ओळखायला शिका.

काळ्याचा हत्ती आधीच ई८ वर असेल तर एफ८ मोकळं असतं. व-एच५ ला घो-एफ८ हे उत्तर मिळतं. एफ८ वरचा घोडा हा कॅसल केलेल्या राजाचा सर्वांत भरवशाचा पहारेकरी आहे. तो एच७, जी६ आणि ई६ एकदम राखतो आणि त्याला तिथून उठवणं पांढऱ्याला सोपं नसतं. पण हत्ती ई८ ला गेल्यानं एफ७ एकटं पडतं, आणि व×एफ७+ रा-एच८ नंतर हल्ला चालूच राहतो. पहिली मात टळली एवढंच. पुढचा हिशोब त्या स्थितीपुरता वेगळा करावा लागतो.

ई६ चं प्यादं नसेल आणि सी८ चा उंट एफ५ ला येऊ शकत असेल, तर व-एच५ ला उं-एफ५ हे बहुधा संपूर्ण उत्तर आहे. बी१ ते एच७ या तिरक्या रस्त्यावर काळ्याचा वजीर किंवा उंट वेळेत पोचतो का, हा प्रश्न बलिदान देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं दोघांनीही आधी विचारायचा. आणि पांढऱ्याचा काळ्या घरांवरचा उंट अदलाबदलीत गेलेला असेल, तर ज्या रा-एच६ ला आपण एका ओळीत निकालात काढलं, तीच चाल विचारात घेण्याजोगी होते. तेव्हा फक्त एफ७ वर घोड्याचा राजा-वजिरावर दुहेरी मारा बसतो का, आणि तो घोडा एफ८ च्या हत्तीला मारता येतो का, ते पाहायचं.

या सगळ्यात बचावाची चाल जे राखते त्यापेक्षा जे सोडून जाते ते जास्त महत्त्वाचं असतं. याचं ठळक उदाहरण १९३० सालच्या नीसमधल्या डावात आहे. पांढरा बेल्जियमचा एडगार्ड कोल, काळा आयर्लंडचा जॉन ओ’हॅन्लन. १. डी४ डी५ २. घो-एफ३ घो-एफ६ ३. ई३ सी५ ४. सी३ ई६ ५. उं-डी३ उं-डी६ ६. घोबी-डी२ घोबी-डी७ ७. कॅसलिंग कॅसलिंग ८. ह-ई१ ह-ई८ ९. ई४ डी×ई४ १०. घो×ई४ घो×ई४ ११. उं×ई४ सी×डी४ १२. उं×एच७+ रा×एच७ १३. घो-जी५+ रा-जी६ १४. एच४.

धमकी एच५+ ची आहे. त्यावर राजा एफ६ ला गेला तर व-एफ३+ आणि रा-ई७ ला व×एफ७#. राजा एच६ ला गेला तर घो×एफ७ नं दुहेरी शह आणि वजीर माऱ्यात. ओ’हॅन्लननं धमकी बरोबर ओळखली आणि १४…ह-एच८ खेळला, म्हणजे एच५ वर आलेलं प्यादं हत्तीनं मारता यावं. विचार चुकीचा नव्हता. पण तो हत्ती ई८ वर बसून ई६ राखत होता. तो उठताच १५. ह×ई६+ आली. १५…एफ×ई६ ला १६. व-डी३+ रा-एफ६ १७. व-एफ३+ आणि राजा ई७ ला गेला तर १८. व-एफ७#. १६…रा-एच६ केलं तर घो×ई६+ नं पुन्हा उंटाचा शह आणि वजीर गेला. प्रत्यक्षात काळ्यानं १५…घो-एफ६ खेळलं आणि १६. एच५+ रा-एच६ १७. ह×डी६ व-ए५ १८. घो×एफ७+ रा-एच७ १९. घो-जी५+ रा-जी८ २०. व-बी३+ नंतर डाव सोडला. हत्तीकडे दोन कामं होती, त्यानं नव्यासाठी जुनं टाकलं. बचावाची चाल हातात घेण्याआधी तो मोहरा आत्ता काय धरून बसलाय, हे विचारायला पाच सेकंद लागतात.

राजासमोरच्या तीन प्याद्यांबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण सर्वाधिक डाव तिथं जातात. समजा पांढऱ्याचा वजीर ई४ वर, मागे उंट डी३ वर, आणि एच७ वर मातेची धमकी आहे. काळा राजा जी८, हत्ती एफ८, प्यादी एफ७, जी७, एच७. नवशिका एच६ खेळतो. तरीही व-एच७#, कारण वजिराला उंटाचं पाठबळ आहे आणि एफ८ हत्तीनं अडवलंय. एच६ तेव्हाच चालतं जेव्हा उंट पुढे आणि वजीर मागे असतो, कारण तेव्हा एच७ वर येईल तो उंट, आणि त्याचा शह म्हणजे राजाला रा-एच८ करायला लावणारी एक चाल एवढंच. वजीर पुढे असेल तर खरे पर्याय दोन, जी६ आणि एफ५. जी६ नं रस्ता बंद होतो, पण एफ६ आणि एच६ ही घरं कायमची उघडी पडतात. काळ्या घरांवर फिरणारा तुमचा उंट पटावर असेल तर ठीक. तो गेला असेल आणि पांढऱ्याचा शिल्लक असेल, तर उंट एच६ वर आणि वजीर एफ६ वर येऊन जी७ वर मात देणार हे गृहीत धरा. एफ५ नं वजिरावर हल्ला होतो आणि एक चाल वाचते, पण ई५ चं घर कमकुवत होतं आणि ई६ चं प्यादं मागे पडतं. बहुतेक मधल्या डावांत मला एफ५ जास्त भरवशाची वाटते, कारण ती सातव्या आडव्या ओळीवरून वजीर किंवा हत्तीला जी७ आणि एच७ राखायला मोकळी वाट देते. एफ६ नंही हेच होतं, शिवाय ई५ च्या त्या त्रासदायक प्याद्याला थेट आव्हान मिळतं.

पांढऱ्यानं वजिराच्या बाजूला कॅसलिंग करून प्यादी सोडली असतील, तर चाली अक्षरशः मोजाव्या लागतात. काळ्याचं प्यादं एच६ वर असेल तर जी२ वरून जी४, जी५ अशा दोन चालींत टक्कर होते आणि तिसऱ्या चालीला पट्टी उघडते. प्यादं जी६ वर असेल तर एच४, एच५, पुन्हा दोनच. तिन्ही प्यादी मूळ जागी असतील, तर पांढऱ्याला आधाराचं प्यादं एच५ पर्यंत आणि दुसरं जी६ पर्यंत न्यावं लागतं, म्हणजे एच४, एच५, जी४, जी५, जी६ अशा पाच चाली. कारण नसताना खेळलेल्या एच६ ची किंमत अशी चालींमध्ये मोजता येते.

सिसिलियन ड्रॅगन या सुरुवातीत काळा हे जी६ चं कर्ज पहिल्यापासून घेतो, म्हणून तिथला बचाव शिकण्यासारखा आहे. पांढरा उं-ई३, एफ३, व-डी२, लांब कॅसलिंग, एच४ आणि मग उं-एच६ नं जी७ चा उंट बदलायला येतो, कारण तो उंट गेला की राजाभोवतीची काळी घरं उघडी. काळा कधी एच५ नं प्यादं तिथंच रोखतो, कधी हत्ती ई८ ला नेऊन उंट एच८ वर मागे घेतो म्हणजे अदलाबदल होतच नाही. आणि संधी मिळताच ह×सी३ असा हत्ती देऊन बी×सी३ करायला लावतो. मग पांढऱ्या राजासमोरची प्यादी मोडतात आणि हल्ला करणाऱ्यालाच मागे वळावं लागतं. बाजूवरच्या हल्ल्याला मध्यभाग स्थिर लागतो. तो फोडता येत असेल तर राजाजवळ आणखी एक राखण उभी करण्याआधी ते पाहावं.

त्यामुळे पहिल्या स्थितीतली काळ्याची चूक दहाव्या चालीची नव्हतीच. आठव्या चालीला ८…सी×डी४ खेळून सी३ च्या घोड्यावर हल्ला करता आला असता. राजा ई८ वर आणि हत्ती एच८ वर असताना एच७ वर उंट मारायला आला, तर तो हत्तीनं फुकट खाल्ला असता.

सराव करायचा तर स्थिती मांडा आणि काळ्याची चाल आहे असं नाही, पांढऱ्यालाच लागोपाठ दुसरी चाल मिळाली असं समजा. तो काय करेल? तीच खरी धमकी. लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाच्या विश्लेषण पटावर एक्स दाबलं की संगणक हेच दाखवतो, पण आधी स्वतः शोधा. मग पहिल्या स्थितीत काळा उंट ई७ ला ठेवून, नंतर हत्ती ई८ ला ठेवून, नंतर पांढऱ्याचा सी१ चा उंट काढून, प्रत्येक वेळी दहा मिनिटं इंजिन बंद ठेवून रा-जी८, रा-जी६ आणि रा-एच६ या तिन्हींच्या ओळी वहीत शेवटच्या चालीपर्यंत लिहा, आणि लिहून झाल्यावरच इंजिन चालू करा.